गेटवर उभं राहून विचारायचं कोणाला? नागपूरच्या आसपासच्या जंगलांत पर्यटक-पाहणी कशी करावी

संध्याकाळची सफारी आटोपून जिप्सी पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या सिल्लारी गेटवर परतायला लागल्या की चहाच्या टपरीवर एकच प्रश्न ऐकू येतो, "दिसला का?" काय दिसला हे विचारणारा सांगत नाही आणि ऐकणाऱ्यालाही विचारावं लागत नाही. विदर्भात जंगल म्हणजे वाघ, हे समीकरण इतकं मुरलंय की जंगलात आलेल्या माणसाला दुसरं काही विचारायचं असतं हेच आपण विसरतो. तो कुठून आला, किती वेळ थांबला, गर्दीचा त्रास झाला का, परत येणार का, आणि मुळात वाघासाठीच आला होता का?

आम्ही चार मित्रांनी अशी पाहणी पहिल्यांदा केली ती डिसेंबरातल्या एका रविवारी. फॉर्म शंभरेक भरले. सकाळी लोक आत जाण्यासाठी रांगेत उभे असताना विचारलं, म्हणजे ज्यांनी अजून जंगल पाहिलंच नव्हतं त्यांना जंगल कसं वाटलं म्हणून विचारलं. बोलके चेहरे हेरून गाठले. त्यात एकाच कॉलेजच्या सहलीतली मुलं निम्मी निघाली. गाईड शेजारी उभे होते. सगळ्यांनी "खूप छान" वर टिक केली. कागद एका वनाधिकाऱ्यांना दाखवले, तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं, "बरं, मग आता आम्ही करायचं काय?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. पुढे जे लिहितोय ते त्या फजितीनंतर शिकलेलं आहे. निसर्गमंडळं, महाविद्यालयांचे पर्यावरण किंवा पर्यटन विभाग, होमस्टे चालवणारी गावं, कोणालाही वापरता यावं म्हणून लिहितोय.

आधी निर्णय, मग प्रश्न

"लोकांना काय वाटतं ते बघू" हे पाहणीचं कारण होऊ शकत नाही. कागदावर एक वाक्य लिहा: ही उत्तरं मिळाली की कोण, काय बदलणार? उदाहरणार्थ, "दुपारच्या फेरीत गाड्या कमी करायच्या की वेगवेगळ्या रस्त्यांवर पांगवायच्या, हे ठरवायचंय." किंवा "गावातल्या होमस्टेला गिऱ्हाईक का मिळत नाही?" किंवा "पक्षी बघायला येणाऱ्यांसाठी वेगळी पायवाट हवी का?" हे वाक्य जमत नसेल तर पाहणी पुढे ढकला. जमलं तर निम्मे प्रश्न आपोआप गळतील.

त्याच कागदावर दुसरी एक गोष्ट ठरवा. तुम्ही भेटी मोजताय की माणसं? एकाच माणसाने तीन सफारी केल्या तर भेटी तीन आणि माणूस एक. तिकिटाच्या नोंदीत भेटी असतात. बातमीत "इतके पर्यटक आले" असं छापून येतं तेव्हा बहुतेक वेळा त्या भेटीच असतात. हा फरक पुढे आपल्याला चांगलाच छळणार आहे, म्हणून आत्ताच ठरवून टाका.

कागदावर जंगल काढा

ज्या जंगलाची पाहणी करायची त्याचा नकाशा घ्या आणि माणूस आत येऊ शकतो अशा सगळ्या वाटा त्यावर खुणा करा. महाराष्ट्राच्या पेंचमध्ये सिल्लारी, चोरबाहुली, खुर्सापार, कोलितमारा अशी गेटं आहेत. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याला कऱ्हांडला आणि गोठणगाव आहे. वर्ध्याच्या बाजूला बोरधरण आहे. प्रत्येक गेटचं गिऱ्हाईक वेगळं. खुर्सापार महामार्गाला लागून मध्य प्रदेशच्या सीमेवर, तिथे येणारा माणूस आणि कोलितमाऱ्याला बोटीत बसायला येणारा माणूस एकाच पठडीतला नसतो. एका गेटवर उभं राहून "पेंचचे पर्यटक" असं लिहिलं की ते खोटंच होतं.

गेटाबाहेरचेही लोक आहेतच. पेंचला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. तारे बघायला येणारा माणूस सफारीच्या नोंदीत सापडेलच असं नाही. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसणारे निसर्गानुभववाले वेगळे. देवाला जाणारे, महामार्गावरून जाता जाता तलावाशी डबा खाणारे, बफरमधल्या, म्हणजे जंगलाच्या गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातल्या, गावात पाहुणे म्हणून येणारे वेगळे. नकाशावर या प्रत्येकाची खूण करा आणि प्रत्येकापुढे लिहा: "घेणार" किंवा "घेणार नाही". जे घेणार नाही ते अहवालाच्या पहिल्या पानावर स्पष्ट सांगायचं.

कोअरमध्येही, म्हणजे जंगलाच्या संरक्षित गाभ्यातही, पर्यटक सगळीकडे जात नाहीत. २०१२ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे पर्यटनासाठी कोअरचा जास्तीत जास्त २० टक्के भागच वापरता येतो. म्हणजे तुमच्या फॉर्ममधलं "जंगल" हे प्रत्यक्षात पर्यटनाच्या रस्त्यांवरून दिसलेलं जंगल आहे, हेही लक्षात असू द्या.

परवानगी

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २८ मध्ये अभयारण्यात प्रवेशाची परवानगी कोणत्या कारणांसाठी देता येते ते दिलंय. त्यात अभ्यास, छायाचित्रण, वैज्ञानिक संशोधन, पर्यटन हे येतं. तुम्ही गेटाबाहेर सार्वजनिक रस्त्यावर उभे राहणार असलात तरी तोंडी "हो हो, या" वर विसंबू नका. राज्याच्या वनविभागाचं मुख्यालय नागपुरातच, सिव्हिल लाइन्समधल्या वनभवनात आहे, हा आपला फायदा. अर्जासोबत तीन कागद जोडा: एक पानी हेतू, प्रश्नावली, आणि दिवसांचं वेळापत्रक. उत्तर यायला वेळ लागतो हे गृहीत धरून हंगामाच्या बरंच आधी अर्ज करा. लेखी परवानगीची प्रत प्रत्येक कार्यकर्त्याच्या खिशात हवी. गेटवरचा वनरक्षक बदलतो, त्याला तुमची ओळख नसते, आणि त्याचं अडवणं चूक नसतं.

गोरेवाड्याचं प्राणिउद्यान वनविकास महामंडळाकडे आहे, त्यामुळे तिथली परवानगी वेगळ्या दारातून.

दिवस चिठ्ठ्या टाकून निवडा

आपल्याला सुट्टी असते म्हणून आपण रविवारी जातो, आणि मग पाहणी फक्त रविवारच्या माणसांची होते. यावर उपाय सोपा आहे, कंटाळवाणा आहे, पण त्याला पर्याय नाही.

कोअरची सफारी साधारणपणे १ ऑक्टोबर ते ३० जून चालते. पावसाळ्यात बंद. म्हणजे २७३ दिवस, ३९ आठवडे. आठवड्यातून एक दिवस गेट बंद असतं असं धरा आणि तो सोमवार ते शुक्रवारमधला आहे असं धरा. रोज दोन फेऱ्या, सकाळ आणि दुपार. मग कामाच्या दिवसांच्या फेऱ्या ३९ × ४ × २ = ३१२ आणि शनिवार-रविवारच्या ३९ × २ × २ = १५६. एकूण ४६८ फेऱ्या. ही तुमची यादी. प्रत्येक फेरीला नंबर द्या, दोन डब्यांत चिठ्ठ्या टाका, आणि प्रत्येक डब्यातून १२-१२ काढा. निघालेल्या दिवशीच जायचं. "त्या दिवशी माझ्या मावसभावाचं लग्न आहे" असं झालं तर दुसरा माणूस जाईल, दिवस बदलणार नाही.

मनुष्यबळ असेल तर डबे आणखी फोडा. हिवाळा आणि उन्हाळा हे दोन वेगळे हंगाम आहेत, निदान आपल्याकडे. डिसेंबरात नागपुरात हिवाळी अधिवेशन भरतं, शाळांच्या सहली निघतात, नाताळ ते ३१ डिसेंबर तर विचारूच नका. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या घरात, तरी लोक येतात, कारण पाणवठे आटतात आणि जे उरतात तिथे जनावर हमखास येतं. हे येणारे कसलेले असतात, कॅमेरेवाले असतात, एकेक जण चार-चार फेऱ्या करतो. हिवाळ्यातल्या कुटुंबाची आणि मेमधल्या कॅमेरेवाल्याची सरासरी काढली तर असा एक माणूस तयार होतो जो जंगलात कधी आलेलाच नाही.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर, कार्तिक पौर्णिमेला रामटेकला मोठी गर्दी असते. असे दिवस चिठ्ठीत आले तर नोंदवहीत तसं लिहून ठेवा, कारण त्या दिवशीचा आकडा नंतर कोड्यात टाकतो.

गेटवर कोणाला विचारायचं

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबतो.

नियम एक: बाहेर पडताना विचारा. अमेरिकेच्या वनसेवेने २००० पासून राष्ट्रीय वनांतल्या वापराची पद्धतशीर मोजणी सुरू केली. प्रत्येक वनाची पाळी दर पाच वर्षांनी येते, आणि तिथे मुलाखत घेतात ती त्या दिवसापुरतं कायमचं बाहेर निघालेल्या माणसाचीच. कारण उघड आहे. आत असलेल्याची भेट अजून संपलेली नसते. शिवाय आत फिरून माणसं शोधली तर जो जास्त वेळ रेंगाळतो तोच जास्त वेळा सापडतो. दोन तास थांबणाऱ्यापेक्षा आठ तास थांबणारा चौपट सापडतो, आणि तुम्ही लिहिता, "इथे लोक दिवसभर थांबतात."

नियम दोन: गाडी तुम्ही निवडायची नाही, नंबराने निवडायची. गेटमधून बाहेर येणारी दर तिसरी जिप्सी, असं ठरवा. सुरुवात कुठून ते एक, दोन किंवा तीनची चिठ्ठी काढून. त्या गाडीतले लोक चिडलेले असोत, झोपलेले असोत, परदेशी असोत, तीच गाडी. बोलकी गाडी मागून येतेय म्हणून हिला सोडायचं नाही.

नियम तीन: गाडीतला एकच माणूस. एका जिप्सीत साधारण सहा पर्यटक बसतात. सगळ्यांना विचारलं की पटापट फॉर्म भरतात, आणि मोह तिथेच होतो. पण नवरा, बायको, मेहुणा यांनी एकच जंगल, एकच वाघ, एकच धूळ पाहिलेली असते. उत्तरं सारखी येतात. संख्याशास्त्रात याचं साधं सूत्र आहे: १ + (एका गाडीतली माणसं वजा १) × साम्य (० म्हणजे काहीच साम्य नाही, १ म्हणजे सगळ्यांचं अगदी एकच उत्तर), आणि जो आकडा येईल त्याने फॉर्म भागायचे. चार जणांना विचारलं आणि त्यांच्या उत्तरांतलं साम्य ०.६ धरलं तर १ + ३ × ०.६ = २.८. म्हणजे ४०० फॉर्म भरूनही तुमच्याकडे खऱ्या अर्थाने ४०० ÷ २.८, साधारण १४३ माणसांएवढीच माहिती येते. बाकी कागद वाया.

त्या एकाची निवडही नियमानेच करा. "ज्यांचा वाढदिवस सगळ्यांत अलीकडे झाला ते कोण?" असं विचारायचं, अठरा वर्षांवरच्यांपैकी. नाहीतर प्रत्येक गाडीतून पुढच्या सीटवर बसलेला, पैसे भरलेला कर्ता पुरुषच उत्तर देतो. बायकांचं मत आमच्या पहिल्या पाहणीत जवळजवळ नव्हतंच, आणि आमच्या ते लक्षातही आलं नव्हतं. वाढदिवसाच्या प्रश्नाने आणखी एक गोष्ट घडते: गाडीत हशा पिकतो आणि "नको, घाई आहे" म्हणणारे थांबतात.

एकच माणूस घेतला की नंतर वजन लावावं लागतं. समजा दहा गाड्या घेतल्या. पाचांत दोन-दोन माणसं होती, पाचांत सहा-सहा. दोघादोघांच्या गाड्यांनी सांगितलं शांततेसाठी आलो, सहांच्या गाड्यांनी सांगितलं वाघासाठी. फॉर्म मोजले तर पाच-पाच, निम्मेनिम्मे. माणसं मोजली तर दहा विरुद्ध तीस, म्हणजे २५ टक्के विरुद्ध ७५ टक्के. म्हणून प्रत्येक फॉर्मवर "गाडीत एकूण पर्यटक किती" हा रकाना हवाच हवा. तो राहिला तर नंतर भरून निघत नाही.

नियम चार: जे नाही म्हणाले त्यांचीही नोंद ठेवा. वेगळ्या तक्त्यात वेळ, गाडीतली माणसं, मराठी-हिंदी-इतर, आणि कारण एका शब्दात: घाई, मूल रडतं, भाषा, नकोच. हा तक्ता भरायचा कंटाळा येतो आणि अहवालात तो कोणी मागतही नाही. पण दुपारच्या फेरीत निम्म्या गाड्या नाही म्हणत असतील तर तुमच्याकडे आलेली उत्तरं घाई नसलेल्यांची आहेत. रात्री नागपूरला परतायचं असलेला नागपूरकर निघून जातो, रिसॉर्टमध्ये मुक्काम असलेला थांबतो, आणि अहवालात "बहुसंख्य पर्यटक बाहेरगावचे" असं छापलं जातं.

किती फॉर्म?

पुस्तकी उत्तर: ९५ टक्के विश्वासपातळी आणि पाच टक्के इकडे-तिकडे चालत असेल तर १.९६ चा वर्ग × ०.२५ ÷ ०.०५ चा वर्ग, म्हणजे ३८४. हंगामात एकूण ६,००० च भेटी असतील तर हाच आकडा ३६१ होतो. म्हणजे लहान जंगलाला फार कमी फॉर्म लागतात असं नाही. एकाच दिवशी आलेल्यांची उत्तरंही थोडीफार सारखी असतात, शिवाय काही फॉर्म बाद होतात, म्हणून ५०० चं लक्ष्य ठेवा. पण एका रविवारी ५०० पेक्षा चोवीस वेगवेगळ्या फेऱ्यांत वीस-वीस केव्हाही चांगले. जागा आणि दिवस वाढवा, एका दिवसातले कागद नव्हे.

प्रश्नावली: वाघ शेवटी

दोन पानांच्या वर नको. सात मिनिटांत संपायला हवी. लोक चार तास धक्के खात आलेले असतात, त्यांना आधी स्वच्छतागृह हवं असतं, मग चहा. म्हणून आम्ही टेबल गेटाला चिकटून न लावता स्वच्छतागृह आणि टपरीच्या पुढे लावतो. निवडलेल्या गाडीला गेटवर एक रंगीत चिठ्ठी द्यायची, "चहा झाला की पाच मिनिटं द्या" म्हणायचं. बहुतेक येतात.

प्रश्नांचा क्रम महत्त्वाचा. पहिला प्रश्न "वाघ दिसला का" असा टाकलात तर पुढची सगळी उत्तरं त्याच रंगात रंगतात. दिसला तर स्वच्छतागृहही उत्तम, नाही दिसला तर गाईडही बिनकामाचा. म्हणून आधी साध्या गोष्टी: कुठून आलात, कितव्यांदा, मुक्काम कुठे, कोणासोबत. मग येण्याचं कारण, तेही मोकळं विचारायचं आणि त्यांच्या शब्दांत लिहायचं, पर्याय वाचून दाखवायचे नाहीत. मग अनुभव. सगळ्यांत शेवटी: काय काय दिसलं? त्यात वाघ येईलच. पण हा प्रश्न गाळू नका. विश्लेषणात वाघ दिसलेले आणि न दिसलेले असे दोन ढीग वेगळे करून बघितल्याशिवाय समाधानाच्या आकड्याला अर्थ नाही. न दिसलेल्या ढिगातही जे खूश आहेत ते कशामुळे खूश आहेत, हे वाचायला मला सगळ्यांत जास्त आवडतं. कोणी रानकुत्रे लिहितं, कोणी सागाच्या पानांवरचा पहिल्या पावसाचा आवाज, एका काकूंनी लिहिलं होतं, "चार तास फोन वाजला नाही."

गर्दीविषयी "गर्दी वाटली का, हो की नाही" असं विचारू नका. दोन आकडे मागा: एका जागी एका वेळी जास्तीत जास्त किती गाड्या दिसल्या, आणि किती असत्या तर चाललं असतं? या दोन आकड्यांमधलं अंतर म्हणजे तक्रार. त्याहून चांगलं म्हणजे फोटो. एकाच रस्त्याचे चार फोटो, त्यात दोन, चार, आठ, बारा जिप्सी, आणि "यातलं कुठपर्यंत चालेल?" ३१ डिसेंबर २०२४ ला गोठणगावच्या बाजूला एफ-२ वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांना जिप्सींनी दोन्हीकडून घेरलं, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. त्या गाड्यांतल्या लोकांना त्याच संध्याकाळी विचारलं असतं तर कितींनी "गर्दी जास्त होती" म्हटलं असतं आणि कितींनी "आयुष्यातली सगळ्यांत भारी सफारी"? मला वाटतं, दोन्ही उत्तरं एकाच तोंडून आली असती. म्हणूनच पर्यटकाचं समाधान आणि जनावराला होणारा त्रास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमची पाहणी पहिलीच मोजते. दुसरीचा दाखला म्हणून हे आकडे कोणाला वापरू देऊ नका.

एका प्रश्नात दोन गोष्टी नकोत. "गाईड आणि चालक यांची वागणूक कशी होती?" गाईड चांगला आणि चालक उर्मट असेल तर माणूस काय लिहिणार? आणि हे विचारताना गाईड कानाच्या टप्प्यात नको. त्याचं पोट त्यावर आहे, आणि समोरच्यालाही संकोच वाटतो.

भाषा. मराठीत लिहा, मग दुसऱ्याकडून हिंदी करून घ्या, आणि तिसऱ्याला ते हिंदी परत मराठीत आणायला सांगा. मूळ पाहू देऊ नका. आमच्या "शांतता" चं हिंदीतून परत येताना "सन्नाटा" झालं होतं. कोणाला रात्री ते चांगलं वाटेल, सांगता येत नाही. इंग्रजी प्रतही ठेवा. तोंडी विचारताना समोरच्याच्या बोलीत बोला. उमरेडच्या माणसाला "आपण कोणत्या प्रयोजनार्थ आलात" म्हटलं तर तो म्हणेल, "काहून, काही चुकलं का बाप्पा?"

नाव, फोन नंबर, गाडीचा नंबर घेऊ नका. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ नंतर तर नाहीच. ज्याला निकाल हवाय त्याला तुमचा पत्ता द्या, त्याचा घेऊ नका. अठराच्या आतल्यांना विचारायचं नाही.

तालीम गावातच करा

पेंचला जाण्याआधी एक रविवार सेमिनरी हिल्सवर किंवा अंबाझरीच्या काठावर घालवा. ही अभयारण्यं नाहीत, पण फिरायला येणारे आहेत. वीसेक फॉर्म भरा, कुठे लोक अडखळतात ते बघा, घड्याळ लावा.

इथे तुम्हाला भेटी आणि माणसं यांच्यातला तो छळ दिसेल. सकाळी सहा वाजता टेकडीवर सापडणारे काका रोज येतात. महिन्यातून एकदा येणारी ताई त्या दिवशी सापडण्याची शक्यता काकांच्या तिसाव्या हिश्श्याएवढी. म्हणजे तुमच्या वीस फॉर्मांत काकालोकच जास्त, आणि "फिरायला येणाऱ्यांना पायवाट डांबरी हवी" असा निष्कर्ष निघतो. भेटींबद्दल बोलायचं असेल तर तो बरोबर आहे. माणसांबद्दल बोलायचं असेल तर प्रत्येक फॉर्मला "गेल्या महिन्यात किती वेळा आलात" या आकड्याने भागा. काकांचं वजन एक तिसांश, ताईंचं एक. गोरेवाड्याच्या परिसरात सकाळी फिरणारे, सायकलवाले, पक्षी बघणारे असे सगळे एकत्र असतील तर हा हिशेब सोडून चालतच नाही.

प्रत्यक्ष दिवस

तिघं हवेत. एक फक्त मोजतो. दर गाडीला टिक, माणसं किती, वेळ. तो कोणाशी बोलत नाही. दुसरा गाड्या थांबवतो, तिसरा फॉर्म भरतो. दोघांत काम भागवायला गेलात तर मोजणीच मरते, आणि मोजणीशिवाय बाकीच्या फॉर्मांना काही किंमत नाही. सोबत पॅड, पेन्सिली (मेमध्ये घामाने पेनची शाई पसरते), मोठी छत्री, पाण्याचा जार, ओळखपत्र, नकार-तक्ता, घड्याळ. मोबाइलवर फॉर्म भरायचा बेत असेल तर कागदही न्या. गेटांवर नेटवर्क भरवशाचं नसतं, आणि आत मोबाइलवर बंदी असल्याने लोकांचे फोन बंद किंवा जमा असतात, तेव्हा क्यूआर कोड लावून बसलात तर दिवसभर माश्या माराल. शिवाय कोड स्कॅन करून भरणारे म्हणजे एकतर फार खूश नाहीतर फार चिडलेले.

सुरुवातीचं वाक्य पाठ करा. आम्ही म्हणतो, "नमस्कार, आम्ही वनविभागाचे नाही, गाडीवाले नाही. जंगलात येणाऱ्यांबद्दल पाहणी करतोय. पाच-सात मिनिटं लागतील, नाव लिहीत नाही, नको असेल तर नाही म्हणा." शेवटच्या पाच शब्दांनी नकार वाढतील असं वाटतं. उलट होतं.

जे गेटातून येत नाहीत

मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला, मेमध्ये तेंदूपत्त्याला बफरमधली गावंची गावं पहाटेपासून जंगलात असतात. हा करमणुकीसाठीचा वापर नाही हे खरं, पण पायवाट तीच, पाणवठा तोच. एकदा एका आजीबाईंना फॉर्म घेऊन गाठलं, तर त्या म्हणाल्या, "लिहून काय करता बाई? नाव गेलं का साहेबाकडे?" त्यांचं बरोबर होतं. कुठे बसून वेचता, कधी येता, हे कागदावर आलं तर उद्या त्यांच्यावरच उलटू शकतं. त्यामुळे अशा लोकांची मुलाखत जंगलात घ्यायची नाही. गावात, ग्रामसभेला सांगून, ठिकाणं न लिहिता बोलायचं. किंवा नुसती मोजणी.

नुसत्या मोजणीसाठी पायवाटेवर इन्फ्रारेड काउंटर लावता येतो, अर्थात परवानगीने. मात्र तो दोन माणसं खांद्याला खांदा लावून गेली तर एक मोजतो, आणि शेळी गेली तरी एक मोजतो. काही तास शेजारी बसून डोळ्यांनी मोजा. यंत्राने ८० दाखवले आणि तुम्ही १०० मोजले तर त्या वाटेसाठी गुणक १.२५. दर हंगामात हा गुणक पुन्हा काढा. कॅमेरा ट्रॅपमध्ये माणसांचे चेहरे येतात, म्हणून मोजणीसाठी तो वापरू नका.

हिशेब

संध्याकाळी घरी आल्यावर थकवा असला तरी त्याच दिवशी फॉर्म नंबर टाकून स्कॅन करा. अक्षर कोणाचं ते उद्या आठवत नाही.

हंगामाचा अंदाज असा काढायचा. समजा (आकडे फक्त समजण्यासाठी) कामाच्या दिवशीच्या १२ फेऱ्यांत सरासरी ३० पर्यटक आले आणि शनिवार-रविवारच्या १२ फेऱ्यांत सरासरी ६०. मग ३१२ × ३० = ९,३६० आणि १५६ × ६० = ९,३६०. एकूण १८,७२० भेटी, दोन्हीकडे निम्म्यानिम्म्या. आता फॉर्मांकडे वळा. कामाच्या दिवशीची प्रत्येक फेरी २६ फेऱ्यांच्या जागी उभी आहे (३१२ ÷ १२), सुट्टीची प्रत्येक फेरी १३ च्या. त्या फेरीत १८ गाड्या आल्या आणि तुम्ही ६ घेतल्या तर आणखी तीन पट. आणि गाडीत चार माणसं होती तर आणखी चार पट. या तिन्हींचा गुणाकार हे त्या फॉर्मचं वजन. साध्या एक्सेलमध्ये तीन रकाने आणि चौथ्यात गुणाकार, एवढंच. मग टक्केवारी काढताना फॉर्म मोजायचे नाहीत, वजनांची बेरीज करायची.

याच अंदाजाची तिकीटविक्रीच्या आकड्याशी तुलना करा. थोडा फरक असणारच. निम्म्याने फरक निघाला तर बहुतेक वेळा तुमचा मोजणारा चहाला गेलेला असतो.

टक्केवारी लिहिताना एका लहान गटातून मोठी गोष्ट सांगू नका. परदेशी पर्यटक अकराच सापडले असतील तर "परदेशी पर्यटकांपैकी ७३ टक्के" असं लिहायचं नाही, "अकरापैकी आठ" लिहायचं.

कागद कोणाकडे जातात

वनविभागाला पूर्ण अहवाल द्या, पण तो साठ पानांचा असेल तर कपाटात जातो. सोबत दोन पानी मराठी प्रत करा, ज्याचं पहिलं वाक्य म्हणजे सुरुवातीला कागदावर लिहिलेला तो निर्णय आणि त्यावर मिळालेलं उत्तर. त्याखाली कोणाला विचारलं नाही ते. हीच दोन पानं गेटवरच्या गाईडांसाठी आणि चालकांसाठी छापा, आणि स्वतः जाऊन वाचून दाखवा. त्यांच्याविषयीची तक्रार असेल तर तीही, नाव न घेता. दुसऱ्या वर्षी आम्ही हे केलं तेव्हा एक गाईड म्हणाला, "म्हणजे लोकांना पक्ष्यांबद्दलबी ऐकाचं हाय? आम्ही तं वाघाशिवाय गाडी थांबवतच नाही राजेहो." त्याने आमच्याकडून पक्ष्यांच्या नावांची यादी मागून घेतली. आम्ही ती मराठीतून, त्या भागातल्या नावांसकट करून दिली. पुढच्या हंगामाच्या प्रश्नावलीत "गाईडने वाघाखेरीज कशाबद्दल सांगितलं?" हा एक प्रश्न वाढला आणि मुक्कामाबद्दलचे दोन कमी झाले. चिठ्ठ्यांचे डबे तेच आहेत, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा उघडायचे.